वजा तीनशे

मे महिन्यात, सकाळी साडेआठला
हिंगण्याच्या शेडचं छप्पर कडकड वाजू लागतं.
कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास, कटिंग ऑइलचा वास,
आणि मशीनच्या दोन जबड्यांत
धकात्यांच्या कारखान्यातून आलेली प्लेट:
तीनशे रुंद, दहा जाड,
पाठीवर मधोमध वेल्ड केलेली शंभरची उभी पट्टी.
चलनावर लिहिलंय, मजबुतीसाठी.

ओढायचं काम निवांत असतं.
दाबताना धाक वाटतो,
दबलेलं लोखंड कुठल्या अंगाला निसटेल
याची खात्री कुणी देत नाही.
ओढलेलं मुकाट सरळ होतं.
विहिरीचा दोर, गच्चीवरची कपड्यांची तार.
हे मी कॉलेजात शिकले
आणि नऊ वर्षं त्याखाली सह्या केल्या.

दहा टन. वीस टन.
डायलचा काटा निघाला.
सोनकुसरेंनी काचेवर टिचकी मारली.
काटा ऐकेना.
त्यांनी डायल बदलला. नवाही त्याच वाटेनं गेला.
तीस. चाळीस.
मधोमध दीड मिलिमीटर.
पट्टी नसलेल्या अंगाला
प्लेट पोट काढून उभी.

"मॅडम, ओढून रायलो नं आपण?
मंग हे वाकून कायले रायली?"

पट्टीच्या टोकावर चिकटवलेला गेज
आकडा दाखवत होता: वजा तीनशे.
वजा म्हणजे दाब.
चाळीस टनांनी ताणलेल्या लोखंडात
एक कड आखडत होती.
मी आधी वायरींवर संशय घेतला,
लाल-काळी उलट लागली असेल.
नव्हती.

मग चलन पालथं घातलं, पेन्सिल घेतली.
जबडे फक्त प्लेटला धरतात.
ओढ प्लेटमधूनच जाते.
पण वेल्ड झाला त्या दिवसापासून
दोघींचा मिळून जो मध्य
तो प्लेटमध्ये उरलेलाच नाही,
पट्टीच्या बाजूला सरकून बसलाय,
पावणेचौदा मिलिमीटर.
करंगळीच्या रुंदीएवढं अंतर.
त्याला ओढीच्या रेषेवर यायचं असतं,
आणि येता येता तो सगळ्यांना वाकवतो.

सोनकुसरे आकडेमोडीकडे बघत नव्हते.
रुमालानं मान पुसत म्हणाले,
"बाबाचा माग होता आमचा, पाचपावलीत.
काठ एकाच अंगानं जड भरला
अन् ताण देल्ला, तं लुगडं तिरपं जाये.
मी ताण्याले शिव्या घालो.
बाबा म्हने, ताण्याचं काय चुकलं?
काठ पाय."

धकात्यांना फोन लावला.
म्हटलं, पट्टी काढा,
नाहीतर दोन्ही अंगांना सारखी लावा,
नाहीतर पकड सरकवा, ओढ मध्यातून जाऊ द्या.
पलीकडे ग्राइंडर चालू होता.
"पण मॅडम, जोर वाढावा म्हणूनच तर लावली."
हो, म्हटलं.
ग्राइंडर थांबला.
"दुसऱ्या अंगाच्या वेल्डिंगचे पैसे कोण देईल?"
याचं उत्तर माझ्या रिपोर्टात
कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

घरी जाताना अंबाझरीच्या वळणावर
जाहिरातीचा मोठा बोर्ड दिसतो.
मागे लोखंडी पट्ट्या, एकाच बाजूला.
रोज दिसायचा. आज स्कूटर हळू केली.

पण ते नंतर.
त्याआधी दुपारी आम्ही भार उतरवला.
काटा परत फिरला,
आणि शून्याच्या दोन रेघा अलीकडे थांबला.
सोनकुसरेंनी टिचकीसाठी बोट उचललं,
थोडा वेळ तसंच धरलं,
मग खाली घेऊन
वहीत लिहिलं, दोन.