तिसरा बोर्ड

पहिला जळाला. दुसरा मुका निघाला.
तिसरा पद्मलपुढं ठेवला.
ती हुपरीची; घरात पैंजणांना
डाख देताना बघतच मोठी झालेली.
"कथिल घाई करत नाही, सायेब,
घाई आपल्यालाच."
भिंगातून मान काढली नाही.

हिरवा दिवा लागला, तेव्हा
शिरोलीत पाळी सुटत होती.

मग पाच हजारांची ऑर्डर.
डब्यावर पुण्याच्या कंपनीचं नाव,
आमचं कुठंच नाही;
करारातलं सातवं कलम.

परवा एका गावच्या डेअरीत ते यंत्र दिसलं.
म्हातारा किटली ओतून आकड्याकडं बघत उभा.
फॅट सहा पूर्णांक आठ.
"ह्यो खोटं बोलत न्हाई," म्हणाला.

बाहेर येऊन पद्मलला फोन लावला:
चालतंय गं.

"चालणारच की."