अर्धा पाना

रोसारिओच्या पुलाखाली रविवारी जुना बाजार भरतो.
नवाच्या आत पोचायचं,
नाहीतर बऱ्या पकडी संपतात
आणि उरतात चकचकीत पेट्या,
एकशे आठ नग, निळं मखमली अस्तर,
पहिल्याच गंजक्या नटावर दात पाडून घेणारे.
मी तसली पेटी एकदा घेतली आहे.
तिच्यात आता नेल्साचे दोरे आणि बटणं असतात.

त्या दिवशी एका चादरीच्या कडेला पाना होता, तेराचा,
काळपट, तेलाचं बोट फिरवून ठेवलेला,
मुठीजवळ पंचने ठोकलेली दोन अक्षरं.
"सासऱ्यांचा," बाई म्हणाली, "चीजच्या कारखान्यात होते."
मी घासाघीस केली. तिने नाही.
दिले मग, ती म्हणाली तेवढेच.
घरी येईस्तोवर तो खिशातून मांडीला गार लागत राहिला.

माझा पिकअप एकाहत्तरचा,
वयाने माझ्याहून वीस वर्षं लहान,
खोकला माझ्याहून म्हातारा.
गिअरबॉक्स उतरवला तेव्हा दिसलं,
क्रँकशाफ्टच्या टोकात एक बेअरिंग रुतून बसलंय,
अंगठ्याएवढं,
मागे बोट घालायलाही जागा नाही.
ते ओढून काढायचं खास अवजार मोन्तेविदेओला मिळतं,
तिसरा हिस्सा पेन्शन मोजून.

मी समोरच्या बेकरीत गेलो. "फेर्मिना, कालचा पाव दे."
"कोंबड्यांना?"
"पिकअपला."

पाव भिजवला, पिळला,
बेअरिंगच्या भोकातून आत कोंबत राहिलो,
मग भोकात नेमका बसणारा लोखंडी दांडा, आणि हातोडी.
पाव दबतो.
पण दबून दबून जाणार कुठे?
पुन्हा पाव. पुन्हा हातोडी.
बाराव्या घावाला बेअरिंग मिलिमीटरभर पुढे आलं,
लाजऱ्या मुलासारखं,
आणि मग एकदम हातात,
मागून सगळा काळा लगदा.
दारात फेर्मिना, कोपरापर्यंत पीठ:
"माझा पाव इतका कडक असतो
तर तोंडावर सांगायचंस."

हे जमलं, आणि स्टार्टरमागचा एक बोल्ट अडला.
वरून दिसत नाही, खालून हात जातो, पाना जात नाही.
तेराचाच.
सरळ पाना तिथे चार बोटं लांब होता
आणि त्याला मान नव्हती.

तीन दिवस मी काहीच केलं नाही.
येर्बाचा कडू चहा ओढत व्हाईससमोर बसलो.
एवढं चांगलं पोलाद कुणी कापतं का?
"मेलेल्या माणसाची परवानगी येईपर्यंत
मी बाजारहाट चालतच करू का?" नेल्सा म्हणाली.

आधी ब्लेड नुसतं घसरलं.
मग एक ओरखडा धरून आत गेलं, कुरकुरत, अर्धा तास.
उरलेल्या तुकड्याला गॅसच्या ज्योतीवर लाल केलं,
बदकाची मान असते तसा वाकवला.
अक्षरं होती ती मूठ जमिनीवर पडली.
बोल्ट सुटला,
दर खेपेला नखाएवढा फिरत,
गालाला ग्रीस, तोंडात शिव्या.

पुढच्या रविवारी तीच बाई, तीच चादर.
"चालतो का पाना?"
मला खोटं बोलता आलं असतं.
खिशातून काढून दाखवला, वाकडा, तुटका, निळसर जळलेला.
तिने तो हातात घेतला, उलटसुलट केला
आणि खाली वाकून, खुर्चीमागून
एक गोणपाट ओढलं.

आत चाळीसेक असतील.
कापलेले, पिळलेले, दोन एकत्र जोडलेले,
चमच्याला वेल्ड केलेला सॉकेट,
घोड्याच्या नालेचा केलेला हूक.
"हे कोण घेणार, म्हणून मांडतच नव्हते."

मी भाव विचारला नाही.

ती चीजची यंत्रं केव्हाच भंगारात गेली.
आता रात्री गॅरेजच्या बल्बखाली मी एकेक हातात घेतो
आणि हवेतच फिरवून बघतो,
हे वळण कुठल्या सांदीतलं,
मनगट कसं ठेवलं असेल त्याने,
डावखुरा होता का.
एकाला टोकाशी मधूनच एक आकडा आहे.
तो कशासाठी, अजून कळलेलं नाही.
नेल्सा दोनदा हाक मारून गेली.
सूप गार झालं असेल.