हितसंबंध

सारांश अडीचशे शब्दांत बसवायचा आहे,
माझे तीनशे बारा झालेत.
आधी 'निपाणी' काढलं,
त्याजागी 'कर्नाटकाच्या उत्तर सीमेवरचं एक लहान शहर',
तर तेच लांबलं. निपाणी परत ठेवलं.
मग 'वखार' गेली, 'कामाचे ठिकाण' आलं.
तंबाखूची धूळ 'कण' झाली,
खोकला 'श्वसनलक्षण',
आणि बायका झाल्या एकशे शेहेचाळीस.

टिळकवाडीत रात्रीचे साडेअकरा.
कळसण्णवर सर फोनवर कानडीतून सांगतात,
मी मराठीतून हो म्हणते,
लेख इंग्रजीत पुढे सरकतो.
याचं इथं कुणाला काही वाटत नाही.
"तक्ता तीन बघा मॅडम, तिघी गळाल्या."
गळाल्या म्हणजे दुसऱ्या फेरीला आल्या नाहीत.
एकीची वखार बंद पडली.
एक लेकीकडे गेली गडहिंग्लजला,
तासाभराचा रस्ता, पण राज्य दुसरं,
आमच्या परवानगीपत्रात ते बसेना.
एक—
तिच्यापुढचा रकाना मी अजून भरलेला नाही.
तक्त्यात तिघींना एकच शब्द आहे.

नकाशाचं आणखी निराळं.
पत्रिका आधीच बजावते:
सीमारेषा दाखवाल तर ती तुमच्या जबाबदारीवर.
मी रेषा ठिपक्यांची केली,
मग ठिपके फिके केले,
मग पुसूनच टाकली.
वारा कुठून कुठं वाहतो
तेवढा बाण राहू दिला.

'पद्धती'त मी लिहिलंय:
प्रत्येकीकडून तीन वेळा फुंकर घेतली, सर्वोत्तम धरली.
खरं तर असं झालं होतं—
फुंका मावशी, जोरात, अजून, अजून, अजून, सोडू नका,
आणि ती नळी तोंडातून काढून हसायला लागली,
"चूल फुकून जनम गेला माझा,
आता तुझी नळी फुकू व्हय?"
हसता हसता खोकली. बराच वेळ खोकली.
पुन्हा बसवलं. आकडा आला एक पूर्णांक बेचाळीस.
"कमी हाय का लई? दुधाच्या मापानं सांग."
दीड लिटरला थोडं कमी, म्हटलं.
"मग आमच्या म्हशीपरास बरं की!"
त्या उंचीला, त्या वयाला दोन तरी हवं होतं,
ते मी तिथं बोलले नाही.
'चर्चा' या भागात सविस्तर बोलले आहे,
संदर्भ क्रमांक अकरा ते सोळा.

शेवटच्या पानावर एक चौकोन:
लेखकांचे हितसंबंध. आहेत. नाहीत.

आत्या बावीस वर्षं चाळणीवर होती.
शनिवारच्या पगारातून माझ्या हॉस्टेलची फी;
नोटा तिच्या पदराच्या गाठीतून सुटायच्या.
खिडकीवरचा कारकून त्या मोजता मोजता शिंकला,
रांगेत मागे कुणीतरी हसलं,
मी पावती घेतली
आणि जिना उतरेपर्यंत वर बघितलं नाही.
तिचा दमा मोजायला यंत्र घेऊन आले
तेव्हा सात वर्षांचा उशीर झाला होता.

"तसलं नसतंय ओ ते," सर म्हणतात,
"कंपनीचं विचारतात. कुणी पैसे दिलेत काय, एवढंच."
दिले होते की, सर.
दुसऱ्या गेटवरून मालगाडी चालली होती,
त्यांना ऐकू गेलं नसावं.

'आहेत'वर टिचकी मारली की खाली रकाना उघडतो,
तपशील द्या, दोनशे अक्षरं.
मी एक वाक्य लिहिलं, पुसलं,
परत लिहिलं, जरा आखूड.
मग 'पाठवा'.
निळी पट्टी सरकत सरकत थांबली, परत सरकली.
मिनिटभरात क्रमांक आला, माझ्या लेखाचा,
शून्यांनी भरलेला,
एन-सतरा, एन-अठरा यांच्यासारखाच.

आता संमतीपत्रं कपाटात ठेवायची.
पाच वर्षं जपायची असा नियम आहे,
कानडी एकीकडे, मराठी एकीकडे,
अंगठे दोन्हीकडे.
गठ्ठा उचलला तशी मला शिंक आली. मग दुसरी.

तिकडे जो कोणी हे तपासेल
त्याला येणार नाही.