एका वेळी एक

जानेवारीत जिनिंगच्या आवारात गंजी उभी राहते,
वजनकाट्याच्या माझ्या खिडकीतलं
अर्धं आभाळ झाकून.
लोक म्हणतात कापूस.
उरकुडा दडमल म्हणतो, उतार.

त्याच्या आधीची दोन गेलेली,
म्हणून सुईणीनं त्याला उकिरड्यावर ठेवलं,
सुपात घालून ओढलं, आणि नाव असं दिलं
की मरणानं नाक मुरडून पुढं जावं.
ते नाव घेऊन हा माणूस अठरा वर्षं
पार वर, जिथं उकिरडाही गोठतो,
बर्फ वाचायच्या कामावर होता.
आता इथं रात्रीचा चौकीदार.
आवारात बिडी चालत नाही, नुसती काडी चावतो
आणि बोलतो.

बर्फ एका दिवसाचा नसतो.
नोव्हेंबरचा खाली, साखरेसारखा सुटा,
मुठीत धरला की मूठ रिकामी.
त्यावर वाऱ्यानं आणून रचलेली लादी.
"वरचा थर कोनीबी पाह्यते. खालचा कसा बसला,
थे पाह्या लागते."
आणि आवाज. पायाखाली, एकदाच,
हुम्म,
म्हशीनं झोपेत सोडलेल्या श्वासासारखा.
ऐकला की मागं वळायचं.
वळायला वेळ असतोच असं नाही.

कमरेला लाल फीत, लांबलचक, मागं लोळणारी:
माणूस गाडला गेला तर फीत वर राहील.
एकानं ओलांडायचं,
बाकीच्यांनी पापणी न हलवता बघायचं.
एकदा थंडी होती, उशीर झाला होता,
दोघं दोघं गेले.

पुढचं तो सांगत नाही.
एवढंच, की आत दाबलेल्याला वर कुठं ते कळत नाही.
थुंकायचं. लाळ जिकडं ओघळेल
त्याच्या उलट खणायचं.
"खंदता येत असन तं," म्हणतो, आणि काडी बदलतो.

परवा रात्री अवकाळी आला, ताडपत्री पुरली नाही.
वरचा हातभर थर भिजून जड झाला, सकाळच्या उन्हात आवळला.
हमालांनी पायथ्यातून कोरडा ओढायला घेतला,
बीळ कोरावं तसा. चार बाया आत वाकलेल्या,
त्यांची पोट्टी वरून घसरगुंडी करत.

उरकुडा घरी निघालेला, सायकलला टांग मारता मारता थांबला.
गंजीत कोपरापर्यंत हात घातला
आणि नेहमीसारखा दचकला:
इथं आत ऊब असते.
मग बांबू खुपसला. हातभर अडला,
पुढं सुळकन गेला, जसं काही आत कोणी नव्हतंच.

"वच्छलाबाई, निंगा तिथून! पोट्टेहो, उतरा!
एकेक! एकेक!"

मुनीम आला. ट्रक खोळंबले.
चाळीस माणसं उन्हात एका ढिगाकडे बघत उभी.
मीही.
अकरा वाजले. एक साळुंकी येऊन बसली, उडाली.
बारा वाजले.
गंजी हलली नाही.
कोणीतरी हसलं, मग सगळेच.

मुनीमनं बायांची अर्धी हजेरी कापली,
आणि कटकट नको म्हणून गंजी वरून उतरवायला लावली.
संध्याकाळपर्यंत पडण्यासारखं काही उरलं नाही.

वच्छला कुमरे अजून त्याच्याशी बोलत नाही.
अर्ध्या हजेरीत तिचं महिन्याचं तेल आलं असतं.
तिचं चूक नाही.
माझ्या रजिस्टरात आलेलं वजन असतं, गेलेलं वजन असतं,
त्या दिवसाचं पान इतर पानांसारखंच दिसतं.
उरकुडा फाटकापाशी बसतो, कोणाला काही सांगत नाही.

आज नवी गंजी लागली.
दुपारी पोट्टी परत वर चढलेली दिसली,
ओरडायला मी खिडकी उघडली.

एकटा घसरत होता, कमरेला लुगड्याची लाल चिंधी,
मागं लोळणारी.
बाकीची कडेला उभी,
एकाचीही पापणी हलत नव्हती.