जरा कमी

ऑस्विन ब्लेंकिन गेला तेव्हा
हल शहरातल्या वर्तमानपत्राने फोटो छापला,
तो दुसऱ्याच कोणाचा तरी.
मला हसू आलं. त्यालाही आलं असतं.

मी त्याची प्रॉम्प्टर. नऊ हंगाम
विंगेतल्या तीनपायी स्टुलावर,
मांडीवर संहिता, मुठीत बोटाएवढी बॅटरी.
दर सोमवारी नवं नाटक उभं राहायचं,
शनिवारी रात्री मोडायचं.
सकाळी तो बापासोबत गोदीवर कॉडची पोटं फाडायचा,
संध्याकाळी मनगटांना व्हिनेगर चोळून
सरदार व्हायचा, पाद्री व्हायचा, पहिला शेजारी व्हायचा.
पहिल्या रांगेला तरी वास येतच असणार.

तेविसाव्या वर्षी त्याला म्हातारा केला
आणि मग म्हातारंच ठेवला.
पावडरीने पिकवलेले केस
हळूहळू पावडरीशिवाय पिकले.
मेकअपवाल्या बाईने एका सकाळी
डबा उघडला, त्याच्याकडे पाहिलं,
काही न बोलता झाकण लावलं.

सिनेमात तो दार उघडायचा.
पहाटे चारच्या गाडीने लंडनला जाऊन
दार उघडायचं, कोट घ्यायचा,
"बाईसाहेब बागेत आहेत" म्हणायचं.
पण तो कोट कसा घ्यायचा ते बघायला हवं होतं.
ओला आहे की कोरडा,
ज्याचा आहे तो या घरात हवा आहे की नको,
सगळं दोन बोटांत.
दिग्दर्शक म्हणाला, जरा कमी.
त्याने कमी केलं. अजून कमी.
शेवटी पडद्यावर नुसता कोट उरला
आणि लोक म्हणाले, काय सुरेख शिवलाय!

टीव्हीवरच्या एका पोलिसी मालिकेत
तो तीन वर्षांत तीनदा आला:
एकदा खुनी, एकदा खून झालेला,
एकदा काहीच ऐकलं नाही म्हणणारा भाडेकरू.
एकाही घरातून तक्रारीचं पत्र आलं नाही.
याची त्याने मला बिअर पाजली होती.

बसस्टॉपवर बायका निरखून बघायच्या.
"तुम्ही आमच्याकडे गॅसचं मीटर बघायला यायचात ना?"
"यायचो की. आता नीट चालतंय ना?"
मग घरी पोचेपर्यंत तो मीटरवालाच,
गुडघ्यावर हात टेकून जिने चढणारा,
कुत्र्यांना बिचकणारा.

राजा एकदाच झाला.
मुख्य नटाचा घसा बसला होता,
बाहेर बर्फ, आत एकोणीस माणसं.
मेलेल्या मुलीसमोर तो उभा राहिला
आणि बोलेचना.
मी तीन मोजले, पाच मोजले, घाबरले,
अंधारातून त्याला पुढचा शब्द दिला.
त्याने विंगेकडे एक नजर टाकली, बस.
शब्द त्याला पाठ होता.
तो थांबला होता,
आणि त्या थांबण्यावर मी पाय दिला.
चाळीस वर्षांत एकदाही त्याने हे काढलं नाही.
काढलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या मार्चमध्ये इस्पितळात
डॉक्टर ओयेलारन आल्या. लहान पोर,
हातात कागद, नजर खिडकीकडे,
उभ्याउभ्याच आकडे वाचू लागल्या.
ऑस्विनने उशीवरून हात वर केला.
"मी अकरा वेळा डॉक्टर झालोय, बाई.
आधी बसा.
कागद खाली. माझ्याकडे बघा.
आता थांबा. मग सांगा."

ती बसली. तिने बघितलं.
ती थांबली.
मी कोपऱ्यातल्या खुर्चीत, मांडीवर त्याचा कोट,
तीन मोजले, पाच मोजले.
शब्द मला ठाऊक होता. जिभेवर होता.
नाही दिला.

मग तिने सांगितलं.
"छान," ऑस्विन म्हणाला,
"पुढच्या वेळी, जरा कमी."