खोलीचा आवाज

आमचा स्टुडिओ म्हणजे जिन्याखालची खोली.
आधी तिथे कबड्डीच्या चटया असायच्या,
त्यांचा वास माइकमध्येसुद्धा यायचा असं वाटे.
भिंतींना अंड्यांचे ट्रे आम्हीच चिकटवले,
द्वारकेजवळच्या एका दुकानातून फुकट आणलेले.
समीना पिंजारी म्हणाली, बघा,
पहिली असाइनमेंट कोंबड्यांनी पूर्ण केली.

अकरा जण होतो. बारावा दिवाळीनंतर बी. फार्मला गेला.
कॅमेरा एकच, रजिस्टरात सही करून मिळायचा,
आणि परत घेताना शिपाई बोडके मामा
लेन्सचं झाकण आधी मागायचे, कॅमेरा नंतर.

घरी आई विचारायची, शिकता काय नेमकं?
संवाद, मी म्हणायचे.
तो शिकावा लागतो? म्हणायची,
आणि भाकरी उलटायची.
शेजारच्या पेखळे काकूंनी तर
ही टीव्हीत दिसणार म्हणून
सगळ्या बिल्डिंगला सांगून टाकलेलं.

गायधनी मॅडमनी एकदा शांतता आणायला सांगितली.
एक मिनिट, प्रत्येकानं आपापली.
प्रत्येक जागेची वेगळी असते, म्हणाल्या,
दोन वाक्यांच्या मध्ये तीच अंथरावी लागते,
नाहीतर वाक्यं लटकतात.

हर्षल निमसे पांडवलेण्यांवर गेला
आणि एका जोडप्याचं भांडण घेऊन आला.
समीना पहाटे चारला रामकुंडावर,
तिथे कुणीतरी तांब्या घासत होतं,
घासतच राहिलं.
मी विहितगावच्या पुढे, वालदेवीच्या काठी
श्वास धरून बसले. अठ्ठाविसाव्या सेकंदाला
देवळालीकडून तोफ. मग बगळे.
मग आणखी एक तोफ.
मॅडमनी हेडफोन लावून सगळं ऐकलं,
दहापैकी सात दिले.

पुढची असाइनमेंट मुलाखत.
मी पप्पांना बसवलं पलंगावर,
सातपूरच्या फोर्जिंग शॉपमध्ये सव्वीस वर्षं
हातोड्याखाली काम केलेला माणूस.
डावा कान गेलाय हे मला तेव्हा कळलं.
तोवर मला वाटायचं, ते लक्ष देत नाहीत.

बोलले ते ओरडूनच. काटा सारखा लाल रेघेत.
मी विचारलं, कामावर ऐकू काय यायचं?
"आधी सगळं यायचं.
मग नुसता हातोडा.
मग तोपण नाही."
आणि थांबले.

पंखा. खालच्या मजल्यावर कुकर.
कोथिंबीर घ्या, मेथी घ्या, लांब जात गेलेलं.
पप्पा स्वतःच्या तळहाताकडे बघत होते
जसं काही पुढचं उत्तर तिथं लिहिलंय.
मग म्हणाले, झालं?

एकेचाळीस सेकंद. मी नंतर मोजले.
शहरातल्या कम्युनिटी रेडिओनं
आम्हाला रविवारी चार मिनिटं दिली होती,
माझी भरत होती चार मिनिटं चाळीस.
हर्षल म्हणाला, हे बघ, इथं तर कुणी बोलतच नाहीये.
दोन क्लिक लागले.
जोड ऐकू येऊ नये म्हणून
त्याच खोलीचा रिकामा आवाज खाली पसरला,
मॅडमनी शिकवला होता तसा, अगदी सफाईनं.
या वेळी नऊ मिळाले.

रविवारी पप्पांनी रेडिओ उजव्या कानाला लावला.
आई दारात, हात पिठाचे.
पेखळे काकू चप्पल घालूनच आत आलेल्या.
चार मिनिटं कुणी हललं नाही.

संपल्यावर त्यांनी रेडिओ हलवून पाहिला,
सेल गेलेत की काय तसा.
म्हणाले, मी मधे थांबलो होतो ना गं?
ते कुठं गेलं?

वेळ कमी होता, मी म्हटलं.
ते म्हणाले, काय?
वेळ कमी होता, पप्पा.
काय?
मग मोठ्यानं सांगावं लागलं,
इतक्या मोठ्यानं
की खालचा कुकर लावणाऱ्यांनीही
खिडकीतून मान वर केली.