किरमिजी शाई

लक्ष्मीपुरीत माझं फ्लेक्सचं दुकान.
एकाच मशीनवर मी दोन्ही पक्ष छापतो.
वाढदिवस, श्रद्धांजली, कुस्त्यांचं मैदान,
आणि निवडणूक लागली की चेहरे,
दहा बाय वीसचे, हात जोडलेले.
ओले असताना सगळ्यांना सारखाच वास येतो.

रविवारी मी मंडळीचा वडील.
दानाची पिशवी फिरवतो,
नखांत शाई तशीच.

मंडळीच्या ग्रूपचा अ‍ॅडमिनही मीच.
सिलास हिवाळेनं एका रात्री काहीतरी टाकलं,
मी त्यावर काहीतरी टाकलं.
त्यानं माझ्या बापाचं मत काढलं,
मी त्याच्या पोराची नोकरी काढली,
आणि अकरा चाळीसला त्यालाच काढून टाकलं,
आमेन म्हणावं इतक्या सहज.
दोन अंगठे आले. एक नमस्कार.
वाटलं, सत्याची बाजू घेतली.

पुढच्या रविवारी तिसऱ्या गीताला
खालचा सूर आलाच नाही.
सिलासचा आवाज, विहिरीत घागर बुडावी तसा,
होता तेव्हा कधी ऐकू आला नव्हता.
पेटीवाल्या पोरानं मान वर करून बघितलं.
आम्ही गात राहिलो
तीन पायांच्या बाकावर बसल्यासारखे.

त्याच आठवड्यात, रात्री दहाला, एक पोरगं आलं.
मजकूर मोबाइलात. मागच्या गल्लीतल्या लोकांबद्दल
चार ओळी.
"सकाळी सातला चौकात पायजे, काका. डबल रेट."
मी वाचलं.
माझ्या आईला इंजेक्शन द्यायला येणारी नसरीन
त्या ओळींत होती. नाव नव्हतं, पण होती.
नाही म्हणायचं होतं.
म्हणालो, "किरमिजी शाई संपलीया, भावा."
खोटं. डबा गळ्यापर्यंत भरलेला.
पोरगं दुसऱ्या दुकानात गेलं.
सात वाजता फ्लेक्स चौकात होता.

शेजारच्या चिकनवाल्याच्या खुराड्यात
एक कोंबडा उरला होता, तो आरवला.
मी शटर अर्धं उचलून तसाच उभा.
सिलासवर ओरडायला मला तोंड फुटलं होतं,
या पोरापुढं शाई संपली.
माझ्या रागाला कुणाचं दार ठोठवायचं
तेच कळत नव्हतं.

नसरीन आली, सुई टोचली, काही बोलली नाही.
तिनं चौक चुकवून लांबच्या रस्त्यानं यायला सुरुवात केली होती.

आठवड्यानं ते पोरगं परत आलं,
मामाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स घेऊन.
सांगितलं, "त्या दिवशी शाई होती.
तसलं मी छापत न्हाई."
"धंदा करायचा न्हाई व्हय, काका?"
मामाही दुसऱ्या दुकानात गेला.
माझे गुडघे तासभर कापत होते.

मग शाहूपुरीत, सिलासच्या गॅरेजला.
तो एका बुलेटखाली आडवा.
बराच वेळ नुसते पाने वाजले.
"काय काढलंस?"
"पोराचं बोललो ते चुकलं."
"आणि बाकीचं?"
"बाकीचं मला अजून तसंच वाटतंय."
"मलाबी."
त्यानं तेलकट हातानं स्टूल सरकवलं.

कापणीच्या सणाला तो उशिरा आला,
मागं, भोपळ्यांच्या ढिगाशेजारी बसला.
गायला नाही. ओठ हलले असतील, मी बघितलं नाही.
जेवणाला अंगणात जुने फ्लेक्स उपडे अंथरले होते.
त्यानं एक कोपरा उचलला.
"खाली कोण हाय?"
"तुझा."
"तिकडं टोकाला?"
"माझा."
"मग नीट बस की. चिखल वर यालाय."

पांढरा रस्सा वाढेपर्यंत आम्ही परत भांडत होतो,
घरपट्टीवरून, मोठ्यानं.
वाढणारी पोरगी पळी धरून थांबली,
पाळकबाई म्हणाल्या, "वाढ गं, चालू दे त्यांचं."

ग्रूपमध्ये त्याला परत घेणार होतो.
नको म्हणाला.
"बोलायचं असलं तर गॅरेजला ये.
तिथं तुझं तोंड दिसतं."